खान्देशातील विहीर, बोअर आणि नळाच्या पाण्यातील विषारी धातू: तपासणी कशी करून घ्यावी आणि अहवाल कसा वाचावा

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत ज्यांच्या घरी, मळ्यात किंवा गावात विहिरीचे, बोअरचे अथवा नळयोजनेचे पाणी प्यायले जाते आणि त्या पाण्यात शिसे, आर्सेनिक, कॅडमियम यांसारखे विषारी धातू आहेत की काय याची तपासणी ज्यांना पहिल्यांदाच करून घ्यायची आहे, त्यांच्यासाठी हा लेख लिहिला आहे. ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीवर नव्याने आलेले सदस्य, नव्याने नेमलेले जलसुरक्षक, शाळेच्या आवारातील बोअरची जबाबदारी असलेले मुख्याध्यापक आणि मळ्यात राहणारी कुटुंबे यांना त्याचा थेट उपयोग व्हावा, अशी अपेक्षा आहे. तपासणी करून घेणे फारसे अवघड नाही. हातात आलेल्या कागदावर कितपत विसंबायचे हे ठरवणे अवघड असते. बाटली चुकीच्या रीतीने भरली गेली, यंत्राची कुवत अपुरी पडली किंवा एकक वाचण्यात गफलत झाली, तर ‘पाणी पिण्यास योग्य’ असा शिक्का असूनही त्या कागदाला अर्थ राहत नाही. म्हणून मर्यादांच्या आकड्यांइतकीच जागा येथे त्या आकड्यांपर्यंत पोहोचण्याच्या रीतीला दिली आहे.

कशावर विसंबू नये

पाण्यात विरघळलेल्या शिसे, आर्सेनिक किंवा कॅडमियमला, मर्यादेच्या कितीतरी पट प्रमाण असले तरी, रंग, वास किंवा चव नसते. लोह मात्र लगेच ओळखू येते: पाणी रात्रभर ठेवले की हंड्याच्या तळाशी तांबूस गाळ बसतो आणि धुतलेले पांढरे कपडे पिवळट पडतात. मँगनीज असेल तर टाकीत काळपट थर धरतो, जस्त फार असेल तर पाणी तुरट लागते आणि तांबे असेल तर बेसिनवर हिरवट-निळे डाग पडतात. डोळ्यांना आणि जिभेला कळणारे हे धातू तुलनेने कमी घातक आहेत. जे खरे घातक आहेत त्यांची चाहूल लागत नाही. त्यामुळे ‘आमच्या विहिरीचे पाणी गोड आहे, पिढ्यान्‌पिढ्या पितो’ या म्हणण्यावरून धातूंविषयी काहीच निष्कर्ष काढता येत नाही.

पाणी जड असणे ही वेगळी बाब आहे. खान्देशातील बोअरच्या पाण्याने डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि गिझरमध्ये पांढरे खापर धरते, ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांच्या क्षारांमुळे. त्याचा विषारी धातूंशी संबंध नाही. जड पाण्यात शिसे अजिबात नसू शकते आणि डाळ झटकन शिजवणाऱ्या पाण्यात ते असू शकते.

पाणी शुद्ध करण्याची यंत्रे विकणारे लोक खिशातून टीडीएस मीटर काढतात आणि त्यावरचा आकडा दाखवून घाबरवतात किंवा धीर देतात. हा मीटर पाण्यातील एकूण विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. एखाद्या बोअरचे टीडीएस ६०० मिलिग्रॅम प्रति लिटर आहे आणि त्यात मर्यादेच्या पाचपट, म्हणजे ०.०५ मिलिग्रॅम शिसे आहे असे धरले, तरी त्या शिशामुळे मीटरवरचा आकडा एका अंकानेसुद्धा हलणार नाही. टीडीएस कमी असलेले पाणी शिसेमुक्त असते, हा समज म्हणूनच धोकादायक आहे.

ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या हिरव्या कार्डाबद्दलही असाच गैरसमज आढळतो. लाल, पिवळे आणि हिरवे कार्ड हे स्रोतांच्या स्वच्छता सर्वेक्षणावरून दिले जाते. स्रोताभोवती उकिरडा किंवा सांडपाणी आहे का, जलवाहिनीला गळती आहे का, टीसीएल पावडरीने (ब्लीचिंग पावडरीने) नियमित शुद्धीकरण होते का, अशा बाबी त्यात पाहिल्या जातात. कावीळ आणि अतिसार टाळण्यासाठी हे सर्वेक्षण फार मोलाचे आहे आणि ते मनापासून करावे. मात्र हिरव्या कार्डाचा धातूंशी संबंध नाही. जलजीवन मिशनअंतर्गत गावात महिलांच्या हाती दिलेल्या क्षेत्रीय तपासणी संचाचेही तेच आहे. त्यातून आम्लता, क्षारता, कठीणपणा, क्लोराइड, नायट्रेट, फ्लोराइड, लोह यांचा अंदाज येतो. शिसे, कॅडमियम, पारा किंवा निकेल मोजायला प्रयोगशाळाच लागते.

मर्यादा कोणत्या आणि त्या कशा ठरल्या

आपल्याकडे पिण्याच्या पाण्याचे मानक आयएस १०५०० हे आहे. भारतीय मानक ब्युरोने त्याची दुसरी सुधारित आवृत्ती २०१२ मध्ये काढली आणि त्यात पुढे दुरुस्त्या झाल्या. दुरुस्त्यांसह पाहिल्यास विषारी धातूंच्या मर्यादा अशा आहेत (सर्व आकडे मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये):

आर्सेनिक ०.०१
शिसे ०.०१
कॅडमियम ०.००३
पारा ०.००१
निकेल ०.०२
एकूण क्रोमियम ०.०५
सेलेनियम ०.०१
युरेनियम ०.०३

या मानकात दोन रकाने असतात. पहिला रकाना स्वीकारार्ह मर्यादेचा आणि दुसरा, दुसरा कोणताही स्रोत उपलब्ध नसल्यास चालवून घेता येणाऱ्या कमाल मर्यादेचा. मँगनीजसाठी हे आकडे अनुक्रमे ०.१ आणि ०.३, तांब्यासाठी ०.०५ आणि १.५, तर जस्तासाठी ५ आणि १५ असे आहेत. वर दिलेल्या विषारी धातूंच्या बाबतीत मात्र दुसऱ्या रकान्यात सवलत नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. आर्सेनिकला २०१२ च्या मूळ मानकात ०.०५ पर्यंत सवलत होती. ती नंतरच्या दुरुस्तीने काढून टाकली. लोहाची मर्यादाही मूळच्या ०.३ वरून १.० करण्यात आली. जुनी पुस्तिका किंवा जुना छापील नमुना वापरणारी कार्यालये आणि प्रयोगशाळा आजही आढळतात, म्हणून अहवालाच्या मर्यादेच्या रकान्यात आर्सेनिकसमोर ०.०५ छापलेले दिसले तर तो अहवाल तसाच स्वीकारू नये आणि सुधारित मर्यादेनुसार शेरा मागून घ्यावा.

आर्सेनिक, शिसे, कॅडमियम, क्रोमियम आणि युरेनियम यांच्याबाबत जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शक आकडे आपल्या आकड्यांइतकेच आहेत. निकेल आणि पारा यांच्याबाबत भारतीय मानक अधिक कडक आहे. संघटनेचे आकडे निकेलसाठी ०.०७ आणि असेंद्रिय पाऱ्यासाठी ०.००६ आहेत.

हे आकडे कसे काढले जातात हे समजून घेतले, तर पुढचे बरेच प्रश्न आपोआप सुटतात. कॅडमियमचे उदाहरण घेऊ. माणसाने आयुष्यभर दरमहा शरीराच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे २५ मायक्रोग्रॅमपर्यंत कॅडमियम पोटात घेतले तर चालू शकते, असे जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने ठरवले. दिवसाला हे प्रमाण किलोमागे सुमारे ०.८३ मायक्रोग्रॅम होते. ६० किलो वजनाच्या प्रौढ माणसासाठी ते सुमारे ५० मायक्रोग्रॅम. कॅडमियम मुख्यतः अन्नातून येते, म्हणून त्यातला केवळ दहावा भाग, म्हणजे ५ मायक्रोग्रॅम, पाण्याच्या वाट्याला ठेवला. माणूस दिवसाला २ लिटर पाणी पितो असे गृहीत धरले, तेव्हा लिटरमागे अडीच मायक्रोग्रॅम आले आणि ते पूर्णांकात ३ झाले. ३ मायक्रोग्रॅम म्हणजेच ०.००३ मिलिग्रॅम.

या गणितातील २ लिटर हा आकडा खान्देशातल्या माणसाने थांबून पाहावा असा आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ अंशांवर जातो, आणि त्या उन्हात केळीच्या बागेत किंवा वीटभट्टीवर राबणारा माणूस याच्या दुपटीहून अधिक पाणी सहज पितो. त्याशिवाय वरण, भात आणि भाकरीच्या पिठात जाणारे पाणी वेगळेच. ज्याच्या पोटात दिवसाला ५ लिटर पाणी जाते, त्याला मर्यादेवर असलेल्या पाण्यातून गृहीत धरल्यापेक्षा अडीचपट कॅडमियम मिळते. उन्हाळ्याच्या काही महिन्यांच्या अशा सेवनाने लगेच आजार होतो असे नाही, कारण मर्यादा आयुष्यभराचे सेवन धरून ठरवलेल्या असतात. तरीही आपल्या भागात मर्यादेच्या जेमतेम खाली आलेला आकडा निर्धास्तपणे वाचू नये, असे माझे ठाम मत आहे. मर्यादेच्या निम्म्यापेक्षा वर आकडा आला, तर तो स्रोत नजरेखाली ठेवावा.

शिशाच्या बाबतीत असे गणित मांडताच येत नाही. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर शिशाचा परिणाम ज्या पातळीखाली होत नाही, अशी पातळी सापडत नसल्यामुळे त्याच तज्ज्ञ समितीने २०१० मध्ये शिशाच्या सेवनाची पूर्वीची मर्यादा मागे घेतली. ०.०१ हा आकडा पाणी शुद्ध करण्याच्या आणि मोजण्याच्या व्यवहार्य कुवतीवर टिकलेला आहे. त्यामुळे घरात लहान मूल किंवा गरोदर स्त्री असेल, तर शिशाचा आकडा मर्यादेच्या आत आहे एवढ्यावर समाधान मानू नये; तो आणखी कमी करता येईल का, हे पाहावे. आर्सेनिकचा आकडाही असाच व्यवहार्य तडजोडीतून आलेला आहे. दीर्घकाळ आर्सेनिकयुक्त पाणी पिण्यात आल्यास त्वचेवर डाग पडतात, तळहात-तळपाय जाड आणि खरखरीत होतात आणि त्वचा, फुप्फुस व मूत्राशय यांच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

पहिली पायरी: कोणते धातू तपासायचे ते ठरवणे

सर्व धातूंची तपासणी करून घेणे केव्हाही चांगले. पण खर्च धातूंच्या संख्येवर ठरत असल्यास परिसर पाहून यादी करावी. येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. आर्सेनिकने बाधित म्हणून ओळखला जाणारा देशातील मोठा पट्टा गंगा आणि ब्रह्मपुत्रा यांच्या खोऱ्यांत आहे. खान्देशाचा बराचसा भाग दख्खनच्या काळ्या पाषाणाचा आहे आणि तापीच्या काठाने, विशेषतः रावेर, यावल, चोपडा या बाजूला, गाळाचा खोल थर आहे. येथील पाण्याच्या नेहमीच्या तक्रारी कठीणपणा, क्षार आणि नायट्रेट यांच्या असतात. विषारी धातू आढळलेच तर बहुधा एखाद्या ठिकाणापुरते, जवळच्या कारणामुळे आढळतात. म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही, पण कारण जवळ असेल तर दुर्लक्ष करण्यासारखेही नाही.

औद्योगिक वसाहतीजवळ, विशेषतः धातूंवर मुलामा देण्याचे, बॅटरी फोडून शिसे काढण्याचे, रंगाचे किंवा कातडी कमावण्याचे काम होत असेल तेथे, क्रोमियम, निकेल, शिसे आणि कॅडमियम यादीत असावेत. दगडी कोळशाच्या राखेत आर्सेनिक, सेलेनियम आणि पारा अल्प प्रमाणात असतात. भुसावळजवळ दीपनगरला औष्णिक वीजकेंद्र आहे. अशा कोणत्याही केंद्राच्या राखतळ्याच्या परिसरातील विहिरींसाठी हे तीन धातू यादीत घ्यावेत. यात कोणावर आरोप नाही, यादी ठरवण्याचा तो एक आधार आहे. केळी आणि कापसाच्या पट्ट्यात वर्षानुवर्षे स्फुरदयुक्त खते पडली आहेत आणि त्या खतांत कॅडमियमचा अंश असतो, म्हणून बागायती मळ्यातील उथळ विहिरीसाठी कॅडमियम घ्यावे. विहिरीत रंगवलेल्या मूर्तींचे विसर्जन होत असेल तर रंगांतून येणारे शिसे, क्रोमियम आणि कॅडमियम घ्यावेत, आणि तेथे विसर्जन थांबवणे हा तपासणीपेक्षाही आधीचा उपाय आहे. खोल बोअरसाठी मँगनीज आणि युरेनियम घ्यावेत.

शिसे मात्र प्रत्येकाच्याच यादीत असावे, कारण ते जमिनीतून कमी आणि नळाच्या सामानातून जास्त येते. पितळी तोट्या, जुने डाग दिलेले सांधे आणि शिसे वापरून बनवलेले स्वस्त पीव्हीसी पाइप ही त्याची ठिकाणे आहेत. जळगावला वाघूर धरणाचे, धुळ्याला नकाणे तलावाचे आणि नंदुरबारला विरचक धरणाचे पाणी येते. पण धरणातून निघालेले पाणी कितीही चांगले असले तरी ते घरातल्या तोटीतून बाहेर पडेपर्यंत त्यात काय मिसळले, हे तोटीवरच्या नमुन्याशिवाय कळत नाही. पितळी हंडा-कळशीला कल्हई करून घेणाऱ्यांनी कल्हईचे कथील शुद्ध आहे, शिसे मिसळलेले नाही, याची खात्री करून घ्यावी.

दुसरी पायरी: नमुना घेणे

हे काम सर्वांत जपून करावे. बाटली प्रयोगशाळेकडूनच मागवावी. ती एचडीपीई प्लास्टिकची, आम्लाने धुतलेली असते. पाण्याच्या विकतच्या बाटल्या, औषधाच्या बाटल्या, स्टीलचे डबे वापरू नयेत. काही प्रयोगशाळा बाटलीत आधीच नायट्रिक आम्लाचे थेंब घालून पाठवतात, कारण आम्ल नसेल तर शिशासारखे धातू बाटलीच्या भिंतीला चिकटतात आणि आकडा खोटा कमी येतो. अशी बाटली विसळू नये, त्यातले आम्ल हातावर किंवा डोळ्यांत उडू देऊ नये आणि ती मुलांच्या हाती देऊ नये. बाटलीत आम्ल नसेल तर ती त्याच पाण्याने तीन वेळा विसळून भरावी आणि शक्य तितक्या लवकर प्रयोगशाळेत पोहोचवावी. तेथे आम्ल घातले जाते. पाऱ्यासाठी सहसा वेगळी बाटली असते. षट्संयुजी क्रोमियम, म्हणजे क्रोमियमचे अधिक विषारी रूप, स्वतंत्रपणे मोजायचे असेल तर आम्ल न घातलेला, बर्फात ठेवलेला आणि एका दिवसात पोहोचणारा नमुना लागतो. तो द्यायचा झाल्यास प्रयोगशाळेशी आधीच वेळ ठरवावी.

बोअरचा नमुना घेताना मोटार किमान दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवावी, म्हणजे केसिंगमध्ये (बोअरमध्ये बसवलेल्या पाइपात) साचलेले पाणी निघून जमिनीतले ताजे पाणी येते. नमुना टाकीतून घेऊ नये, मोटारीला सर्वांत जवळच्या तोटीवर घ्यावा. तोटीला लावलेली नळी आणि जाळी काढावी. हात स्वच्छ धुवावेत. तंबाखू मळलेल्या हाताने तर बाटलीला अजिबात स्पर्श करू नये, कारण तंबाखूत कॅडमियम असते. झाकण जमिनीवर ठेवू नये, त्याच्या आतल्या बाजूला बोट लावू नये. पितळी तांब्याने किंवा पत्र्याच्या नरसाळ्याने पाणी ओतू नये. बाटली थेट तोटीखाली धरावी. पाणी गढूळ असले तरी ते फडक्याने गाळू नये. गढूळपणाची नोंद मात्र करावी.

घरातल्या नळाचे शिसे तपासायचे असेल तर रीत उलटी आहे. रात्रभर, निदान सहा तास, तोटी न उघडता ठेवावी आणि सकाळी पहिल्या धारेचे पाणी, एक थेंबही न सोडता, बाटलीत घ्यावे. त्यानंतर पाच मिनिटे पाणी वाहू देऊन दुसरी बाटली भरावी. पहिल्या बाटलीत शिसे जास्त आणि दुसरीत कमी आले तर दोष घरातल्या तोटी-पाइपांत आहे. दोन्हींत सारखेच आले तर स्रोतात किंवा मुख्य जलवाहिनीत आहे. आपल्याकडे अनेक गावांत आणि शहरांतही नळाला काही दिवसांआड पाणी येते आणि ते हौदात, ड्रममध्ये किंवा गच्चीवरच्या टाकीत साठवले जाते. अशा घरांत पिण्याच्या माठातून किंवा हंड्यातून तिसरी बाटली भरावी, कारण घरातले लोक प्रत्यक्षात तेच पाणी पितात.

प्रत्येक बाटलीवर गाव, स्रोत, तोटीची जागा, तारीख, वेळ, मोटार किती मिनिटे चालवली आणि बोअरची खोली किती, हे पुसले न जाणाऱ्या पेनाने लिहावे.

तिसरी पायरी: प्रयोगशाळा निवडणे

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा व उपविभागीय प्रयोगशाळा सामान्य नागरिकांचेही नमुने अल्प शुल्कात तपासतात. तेथे रासायनिक आणि जैविक तपासणी नियमित होते. आपल्या यादीतील धातू तेथे मोजले जातात का, हे नमुना नेण्याआधी विचारावे. जळगाव येथील कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात रसायनशास्त्राचे आणि पर्यावरणाचे अध्ययन चालते. तेथे अशी सोय उपलब्ध आहे का, हेही विचारून पाहता येईल. नाहीतर नाशिक, पुणे किंवा मुंबई येथील एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळेकडे जावे.

एनएबीएलचा शिक्का असणे पुरेसे नाही. मान्यता प्रत्येक तपासणीसाठी वेगवेगळी असते, आणि एखादी प्रयोगशाळा सिमेंटसाठी मान्यताप्राप्त असून पाण्यातील पाऱ्यासाठी नसू शकते. म्हणून दोन प्रश्न विचारावेत आणि उत्तरे लेखी घ्यावीत: माझ्या यादीतील प्रत्येक धातूसाठी पिण्याच्या पाण्यात तुमची मान्यता आहे का, आणि प्रत्येक धातूची तुमची किमान मोजमर्यादा, म्हणजे तुमच्या यंत्राला मोजता येणारे सर्वांत कमी प्रमाण, किती आहे. मोजमर्यादा मानकाच्या मर्यादेच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी असावी, असा आग्रह धरावा. आयसीपी-एमएस यंत्रावर किंवा ग्राफाइट भट्टी असलेल्या अणुशोषण यंत्रावर हे जमते. साध्या ज्वालेच्या यंत्रावर शिसे आणि कॅडमियम इतक्या खाली खात्रीने मोजणे कठीण जाते.

चौथी पायरी: अहवाल वाचणे

सर्वांत आधी एकक पाहावे. १ मिलिग्रॅम म्हणजे १००० मायक्रोग्रॅम. पाण्यासाठी पीपीएम म्हणजे मिलिग्रॅम प्रति लिटर आणि पीपीबी म्हणजे मायक्रोग्रॅम प्रति लिटर, असे धरायला हरकत नाही. शिशासमोर ८ लिहिले असेल आणि एकक मायक्रोग्रॅम असेल, तर ते ०.००८ मिलिग्रॅम होते, म्हणजे मर्यादेच्या आत. तोच ८ मिलिग्रॅममध्ये असेल तर तो मर्यादेच्या ८०० पट आहे; इतका मोठा आकडा आला तर बहुधा एकक चुकले आहे, तेव्हा आधी प्रयोगशाळेला विचारावे.

त्यानंतर ‘बीडीएल’ (मोजमर्यादेच्या खाली) किंवा ‘आढळले नाही’ हे शब्द जिथे असतील तिथे थांबावे. समजा, अहवालात कॅडमियमसमोर ‘बीडीएल’ असे आहे आणि शेजारी कंसात ०.०१ लिहिले आहे. याचा अर्थ त्या यंत्राला ०.०१ च्या खालचे काही दिसतच नाही. कॅडमियमची मर्यादा ०.००३ आहे, त्यामुळे पाण्यात ०.००९, म्हणजे मर्यादेच्या तिप्पट, कॅडमियम असले तरी अहवालात ‘बीडीएल’च येणार. असा अहवाल कॅडमियमपुरता निरुपयोगी आहे. कंसात काहीच लिहिलेले नसेल तर मोजमर्यादा कळवण्याची लेखी विनंती करावी. पाणीपुरवठा समितीच्या दप्तरात असे अहवाल वर्षानुवर्षे ‘योग्य’ म्हणून लागलेले असतात, म्हणून जुने अहवालही या नजरेने एकदा चाळावेत.

मोजणीत थोडी अनिश्चितता असतेच. ०.००९ आणि ०.०११ यांत खऱ्या अर्थाने फरक नसतो, म्हणून मर्यादेच्या आसपासचा आकडा आला की, तो वर असो वा खाली, दुसरा नमुना पाठवावा.

आकडा मर्यादेच्या वर आला तर

ते पाणी पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी वापरणे त्याच दिवशी थांबवावे. बाळाचे दूध त्या पाण्यात कालवू नये. आंघोळ, कपडे, भांडी यांसाठी ते सहसा चालते, कारण हे धातू त्वचेतून फारसे शरीरात जात नाहीत. दुसरा नमुना लगेच घ्यावा, शक्य असल्यास वेगळ्या प्रयोगशाळेकडे. दोष पहिल्या धारेपुरता असेल तर तोटी बदलणे आणि तोवर सकाळचे पहिले पाणी झाडांना घालणे, एवढ्याने बरेचसे काम भागते.

पाणी उकळण्याचा येथे उपयोग नाही. उकळल्याने जंतू मरतात. धातू मात्र तेथेच राहतात आणि वाफ गेल्यामुळे लिटरमागचे प्रमाण वाढते. टीसीएल पावडर, घरात फिरवली जाणारी तुरटी, मलमलचे फडके, कँडल फिल्टर आणि अतिनील किरणांचे यंत्र यांपैकी कशावरही विरघळलेल्या धातूंसाठी विसंबून राहू नये. आरओ यंत्राने शिसे, कॅडमियम, क्रोमियम, निकेल आणि युरेनियम मोठ्या प्रमाणात कमी होतात. आर्सेनिकची गोष्ट थोडी वेगळी आहे: खोल बोअरमध्ये ते त्रिसंयुजी रूपात असू शकते आणि त्या रूपात ते आरओच्या पडद्यातून तुलनेने अधिक निसटते, क्लोरिनची प्रक्रिया आधी केल्यास ते पंचसंयुजी रूपात जाऊन नीट अडते, मात्र क्लोरिन पडद्याला पोहोचण्याआधी कार्बनच्या गाळणीत काढावे लागते. यंत्र बसवल्यावर त्यातून निघालेल्या पाण्याचीही तपासणी करून घ्यावी, कारण पडदा झिजलेला असला तरी टीडीएस मीटरला ते वेळेवर कळेलच असे नाही. जारमधून सुटे विकले जाणारे थंड पाणी हा सुरक्षित पर्याय आहे, असे गृहीत धरू नये. आयएस १४५४३ हे मानक सीलबंद बाटली-जारसाठी आहे आणि सुट्या जारवर तो शिक्का नसतो.

सार्वजनिक स्रोतात दोष निघाल्यास अहवालाची प्रत जोडून ग्रामपंचायतीकडे, जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागाकडे आणि भूजल यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाकडे एकाच वेळी लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. शहरात हाच अर्ज पालिकेच्या पाणीपुरवठा विभागाकडे जातो. जवळच्या कारखान्याच्या सांडपाण्याचा संशय असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार करावी. अर्जात तर्क लिहू नयेत, आकडे, तारखा आणि बोअरपासूनचे अंतर लिहावे. ज्यांनी ते पाणी वर्षानुवर्षे प्यायले आहे त्यांनी डॉक्टरांना अहवाल दाखवावा: शिशासाठी रक्ताची आणि आर्सेनिकसाठी लघवीची तपासणी होते.

पुन्हा केव्हा तपासावे

दोषरहित स्रोतासाठी वर्षातून दोन नमुने पुरेसे आहेत, एक मे महिन्यात पाणी सर्वांत खाली गेलेले असताना आणि दुसरा पावसाळ्यानंतर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. टँकर सुरू झाला तर तो कोणत्या विहिरीवर भरला जातो हे विचारून त्या विहिरीचा अहवाल मागावा. बोअर आणखी खोल नेला, मोटार खाली सोडली किंवा शेजारी नवा कारखाना उभा राहिला, तर ठरलेल्या महिन्याची वाट पाहू नये. अधिक खोलीवरचे पाणी दुसऱ्या थरातून येते आणि त्याला जुना अहवाल लागू होत नाही.